फिटच्या गोळ्या आणि लेकराचं हृदय: गोळी बंद करायच्या आधी एवढं वाचा

माझं परभणी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावाला मेडिकल आहे, सोळा वर्षं झाली आता. मागच्या उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी भर दुपारी एक आजोबा आले, पिशवीतून तीन पत्ते न् एक अर्धी बाटली काढून काउंटरवर ठेवली आणि मनले, "भाऊ, हे वापस घेता का?" मी बघितलं तर टेग्रेटॉलच्या गोळ्या, सिरप पण तेच. मी विचारलं, "कामून हो, डॉक्टरनं बदलून दिली का?" तर मनले, "न्हाई, मोबाईलवर आलंय, ह्या गोळ्यानं लेकराच्या हृदयाच्या नळ्या चोंदतेत मने. तीन दिस झाले आमी बंदच केलंय." नातू नऊ वर्षांचा, दोन वर्षांपासून गोळ्या चालू, दीड वर्ष झालं एकही फिट नव्हती. मी हात जोडून सांगितलं की आत्ता घरी जा, संध्याकाळचा डोस द्या आणि डॉक्टरला फोन लावा. पण उशीर झाला होता. त्याच रात्री लेकराला फिट आली आणि ती थांबेचना, जीपमध्ये टाकून जिल्ह्याला न्यावं लागलं. लेकरू वाचलं, आता चांगलंय. पण त्या दिवसापासून डोक्यात होतं की ह्या विषयावर नीट, सगळ्यांना कळेल असं लिहायचं.

अडचण अशी आहे की त्या मेसेजमधलं सगळंच खोटं नव्हतं. धडधडीत खोटं असतं तर एका वाक्यात खोडून काढलं असतं. फिटच्या काही औषधांचा रक्तवाहिन्यांवर आणि हृदयावर परिणाम होतो हे खरं आहे, त्यावर अभ्यास झालेत, लेकरांवर पण झालेत. पण तो परिणाम कुठल्या औषधाचा, किती, कधी दिसतो आणि त्याचं करायचं काय, हे मेसेजमध्ये कोणी लिहीत नाही.

आधी फिटचं सांगतो. आपल्याकडं कोणी आकडी मनतं, कोणी फेफरं, कोणी मिरगी. अजून पण चप्पल हुंगवतात, कांदा हुंगवतात, हातात लोखंड देतात, त्याचा काडीचा उपयोग नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेनं बोलतात, ती वीज एकदम बेताल उसळली की फिट येते. दहातल्या सात जणांची फिट औषधानं ताब्यात येते. आणि फिट ताब्यात नसली तर धोका नुसता पडण्याझडण्याचा नसतो. एपिलेप्सी, मनजे फिटचा आजार, असलेल्या साडेचार हजार लेकरांमागं वर्षाला साधारण एका लेकराचा मृत्यू अचानक होतो, बऱ्याचदा झोपेत, दुसरं काहीच कारण सापडत नाही. मोठ्या माणसांत हे प्रमाण हजारात एक आहे. आणि मोठ्या फिट्स ताब्यात नसणं हे त्याचं सगळ्यात मोठं कारण धरलं जातं. तेव्हा एका बाजूला आज रात्रीचा धोका आहे आणि दुसऱ्या बाजूला वीस-तीस वर्षांनी काही होऊ शकेल असा धोका आहे, हे डोक्यात पक्कं ठेवून पुढचं वाचा.

आता औषधांकडं येतो. पत्त्यावर बघा. एप्टॉइन मनजे फेनिटॉइन, टेग्रेटॉल नाहीतर मॅझेटॉल मनजे कार्बामाझेपिन, गार्डिनल मनजे फेनोबार्बिटोन. ही तिन्ही जुनी औषधं, गार्डिनलचं औषध तर १९१२ पासून फिटवर वापरतात आणि फेनिटॉइन १९३८ पासून. जुनी आहेत मनून वाईट नाहीत, लाखो लोकांच्या फिट ह्यांनीच थांबवल्यात, स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यात मिळतात. पण ह्या तिघांची एक सवय आहे, ती लिव्हरला कामाला लावतात. आपल्या बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळीसारखं समजा. लिव्हरमध्ये एन्झाइम नावाची कामगारांची टोळी असते, बाहेरून आलेलं औषध तोडून शरीराबाहेर काढायचं काम तिचं. रोज रोज ही गोळी यायला लागली की मुकादम बघतो, माल वाढलाय, आणि टोळी वाढवतो. टोळी वाढली की ती नुसती ती गोळीच तोडत नाही, समोर दिसेल ते तोडत सुटते, व्हिटॅमिन डी तोडते, दुसऱ्या औषधांचा पण फडशा पाडते. आणि ह्याच कुटुंबातली काही एन्झाइम शरीरात कोलेस्ट्रॉल तयार करायच्या कामावर पण असतात, मनून कोलेस्ट्रॉलचा सगळा हिशोब वरच्या बाजूला सरकतो. लेकरू तूपतेल जास्त खात नसलं, हडकुळं असलं तरी होतं हे. आईबाप मनतात आमच्या घरात तर कोणाला कोलेस्ट्रॉल नाही, ह्याला कुठून आलं, तर ते असं येतं.

मग वाढलेलं कोलेस्ट्रॉल करतं काय? ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना पटकन कळेल. बोअरचं क्षाराचं पाणी वर्षानुवर्षं नळीतून गेलं की आत थर बसतो, दोन-चार हंगाम काही कळत नाही आणि मग एक दिवस शेवटच्या झाडाला पाणीच पोचत नाही. रक्तवाहिनीत फरक एवढाच की क्षार नळीच्या आतून बसतो आणि इथं चरबी भिंतीच्या अस्तराखाली शिरते, भिंत फुगते, जाड होते. मानेत दोन्ही बाजूला मोठ्या रक्तवाहिन्या असतात, बोट ठेवलं की ठोका लागतो तिथं. तिथली सोनोग्राफी करून भिंतीची जाडी मोजता येते. लेकराच्या त्या भिंतीची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. बरीच वर्षं ही औषधं घेणाऱ्या लेकरांची जाडी आणि त्याच वयाच्या निरोगी लेकरांची जाडी अभ्यासांत ताडून बघितली तर औषधवाल्यांची थोडी जास्त निघाली. थोडी मनजे मिलिमीटरचा छोटासा हिस्सा, डोळ्याला दिसणार पण नाही एवढी. आणि हे नीट ऐका, ह्यानं लेकराला लेकरूपणी हार्ट ॲटॅक येतो असं कुठंही दिसलेलं नाही. चिंता आहे ती पुढची, सहाव्या वर्षी गोळी चालू झाली आणि तीस वर्षं चालली तर भिंतीचं काय होईल ही.

दुसरी गोष्ट जास्त धीर देणारी आहे. २००९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला, त्यात फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन घेणाऱ्या मोठ्या माणसांना लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिन ह्या फिटच्याच, पण टोळी तशी न वाढवणाऱ्या औषधांवर आणलं आणि सहाच आठवड्यांत त्यांचं कोलेस्ट्रॉल सरासरी २५ मिलिग्रॅमच्या (रिपोर्टवर mg/dL असतं ते) आसपास खाली आलं. मनजे टोळी कमी केली की हिशोब परत जागेवर येऊ शकतो, आणि बिघाड मोजता येत असल्यामुळं वेळेत पकडता पण येतो.

लेव्हेटिरासिटाम मनजे आपल्याकडं बहुतेकांना माहीत असलेलं लेव्हिपिल. ते लिव्हरच्या टोळीला हात लावत नाही, कोलेस्ट्रॉलवर फारसा परिणाम दिसत नाही. मग सगळ्यांना तेच कामून देत नाहीत? कारण लेकरं त्यानं चिडचिडी होतात, काही तर एवढी की शाळेतून तक्रार येते, वागणं बदललं मनून आई रडत माझ्या दुकानात आलेली मी बघितलीय. आणि प्रत्येक फिटला प्रत्येक औषध चालत नाही. एका बाजूनं चालू होणाऱ्या फिटला कार्बामाझेपिन छान लागू पडतं आणि तेच काही दुसऱ्या जातीच्या फिट उलट वाढवतं. मनून औषध निवडणं हे डॉक्टरचंच काम आहे, माझं पण नाही आणि तुमचं पण नाही.

आता व्हॅल्प्रोएट, मनजे व्हॅलपॅरिन, एन्कोरेट ह्या नावानं येतं ते. ह्याची वाट वेगळी आहे, हे टोळी वाढवत नाही, भूक वाढवतं. घरच्यांना आधी आनंदच होतो, लेकरू आता कसं जेवायलंय, दोन भाकरी खायलंय. सहा महिन्यांत गाल वर येतात, मग पोट, मग मानेच्या मागं आणि काखेत काळपट मखमली पट्टा दिसायला लागतो. आया तो दगडानं घासतात, मळ बसलाय मनून. तो मळ नाही हो. शरीरातलं इन्सुलिन वाढलं आणि त्याचं चालेना झालं की कातडी तशी होते. तसलं दिसलं की घासायचं सोडून डॉक्टरला दाखवायचं. वजन, इन्सुलिन, लिव्हरला चरबी, रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी ही सगळी एकमेकींचा हात धरून येतात आणि पुढं हृदयावर त्यांचाच भार पडतो. सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होतं त्याचं वजन पहिल्या वर्षातच पळायला लागलेलं असतं, मनून महिन्याला काट्यावर उभं करणं हा सगळ्यात स्वस्त इलाज. पोरगी वयात येत असेल तर व्हॅल्प्रोएटबद्दल डॉक्टरशी वेगळं बोला, पुढं गरोदरपणात ते बाळाला घातक ठरतं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं पण २०२३ मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय.

होमोसिस्टीन हा शब्द पण कधीकधी रिपोर्टवर दिसतो. आपण डाळ, दूध, अंडी खातो त्यातून शरीरात तयार होणारा हा पदार्थ, तो साचू न देता वळवायला फॉलिक ॲसिड आणि बी-१२ लागतं. टोळीवाली औषधं फॉलिक ॲसिड कमी करतात, मग होमोसिस्टीन साचतं आणि ते रक्तवाहिनीच्या अस्तराला खरचटत राहतं. इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो, कारण काउंटरवर हे रोज होतं. कोणीतरी सांगतं फॉलिकची गोळी चांगली असती, स्वस्त असती, आणि लोक मागून नेतात. फेनिटॉइन चालू असलेल्या लेकराला फॉलिक ॲसिड जास्त दिलं तर रक्तातलं फेनिटॉइनच कमी होतं आणि थांबलेली फिट परत येऊ शकते. डॉक्टर स्वतः लिहून देतात तेव्हा त्यांना ते माहीत असतं, ते लक्ष ठेवतात. स्वतःच्या मनानं नेऊ नका. ताटातलं फॉलिक मात्र खुशाल वाढवा, मेथी, हरभऱ्याची भाजी, तुरीचं वरण, शेंगदाणे, हे सगळं आपल्याच मराठवाड्याचं ताट आहे, ह्यात घाबरायचं काही नाही.

आता विजेचा भाग. मेंदूतल्या पेशी विजेवर चालतात तसं हृदय पण विजेवरच चालतं आणि दोन्हीकडं वीज आत सोडणारे दरवाजे साधारण एकाच धाटणीचे असतात, सोडियमचे. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, लॅकोसामाइड ही औषधं ह्या दरवाजांना थोडा अडसर लावतात, तेव्हाच मेंदूतली बेताल वीज थांबते. पण हृदयाच्या दरवाजाला पण थोडा धक्का लागतो. म्हणूनच एकेकाळी फेनिटॉइन हृदयाचे बिघडलेले ठोके सरळ करायला पण वापरायचे. ज्या लेकराचं हृदय मुळात चांगलं आहे त्याला नेहमीच्या डोसमध्ये ह्याचा सहसा त्रास होत नाही. पण जन्मतः हृदयात दोष आहे, ऑपरेशन झालंय, ठोक्यांचा ब्लॉक आहे, किंवा घरात कोणी तरणंताठं माणूस अचानक गेलंय, तर हे पहिल्याच भेटीत सांगायचं, डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगायचं. लॅमोट्रिजिनबद्दल अमेरिकेच्या औषध खात्यानं २०२१ मध्ये नेमकी हीच सूचना काढली होती, हृदयाचा आजार असणाऱ्यांत ठोके बिघडू शकतात मनून.

शिरेतून दिलं जाणारं फेनिटॉइन हा वेगळाच प्रकार आहे. फिट थांबेना झाली की सलाईनमधून ते देतात. जोरात सोडलं तर बीपी एकदम पडतं, ठोके मंदावतात, आणि त्यात औषधाइतकाच ते ज्यात विरघळवलेलं असतं त्या द्रवाचा पण हात असतो. मनून मोठ्या माणसाला पण मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर सोडत नाहीत आणि लेकराला वजनाच्या हिशोबानं त्याहून सावकाश. मी डोळ्यांनी बघितलंय, लेकरू झटके देतंय आणि बाप सिस्टरवर ओरडायलाय, "ते सलाईन जोरात सोडा की!" बापाचा जीव तुटतो ते कळतं मला. पण ती सिस्टर हळू सोडायलीय ते तुमच्या लेकराचं हृदय सांभाळायलाच, तिला तिचं काम करू द्या.

तान्ह्या लेकरांचं एक सांगायचं राहिलं. सहा महिन्यांच्या आसपासचं बाळ झोपेतून उठलं की अंगाची घडी केल्यासारखं एकामागं एक दचकतं, दहा-वीस वेळा. घरचे मनतात पोट दुखत असंल. तो वेस्ट सिंड्रोम, मनजे तान्ह्या बाळांचा फिटचा एक आजार, असू शकतो, त्याला उशीर चालत नाही, लगेच मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात नाहीतर अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला, जिथं जवळ पडंल तिथं न्या. त्याच्यावर एसीटीएच नावाच्या हार्मोनची इंजेक्शनं किंवा स्टिरॉइडचा मोठा डोस देतात. बाळ सुजल्यासारखं गोल होतं आणि बीपी वाढतं, काही बाळांच्या हृदयाचा स्नायू तात्पुरता जाड होतो आणि औषध संपलं की उतरतो. मनून तो कोर्स चालू असेपर्यंत बीपी वरचेवर बघावं लागतं, आणि ते बाळाच्या मापाच्या पट्ट्यानंच बघावं लागतं. मोठ्या माणसाचा पट्टा छोट्या दंडाला गुंडाळला की बीपी खरं असतं त्याच्यापेक्षा कमी दाखवतं, मनजे वाढलेलं पण नॉर्मल दिसतं. "लहान पट्टा आहे का" एवढं विचारायला लाजू नका.

आणि ह्या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यात मोठी. प्रत्येक फिट ही मेंदूची नसते. हृदयाच्या विजेतच जन्मतः खोट असलेली लेकरं असतात, त्यांना लाँग क्यूटी मनतात. लेकरू पळताना, विहिरीत उडी मारल्यावर, नाहीतर एकदम मोठा आवाज झाल्यावर कोसळतं, हृदयाचे ठोके भरकटलेले असतात, मेंदूला रक्त मिळत नाही आणि अंग झटके देतं. बघणाऱ्याला हुबेहूब फिट. अशी लेकरं जगभर वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या खात राहिल्याची उदाहरणं आहेत. हे पकडायला लागतो एक साधा ईसीजी, छातीला वायरी लावून दोन मिनिटांत निघणारा. पहिल्या फिटनंतर प्रत्येक लेकराचा एकदा ईसीजी काढावा असं परदेशातल्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. आपल्याकडं मेंदूच्या विजेचा आलेख मनजे ईईजी होतो, सीटी स्कॅन होतो, कर्ज काढून एमआरआय होतो आणि हा ईसीजीच राहून जातो. तुमच्या फाईलीत नसेल तर पुढच्या वेळी मागा.

रक्ताचं कधी करायचं? लेकरू टोळीवाल्या औषधावर किंवा व्हॅल्प्रोएटवर बराच काळ राहणार असेल तर औषध चालू करताना एकदा आणि मग वर्षातून एकदा लिपिड प्रोफाइल, मनजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करायचं का, हे डॉक्टरला विचारा. आणि रिपोर्ट हातात आला की एक फसगत होते ती बघा. लॅबच्या कागदावर शेजारी जो नॉर्मल आकडा छापलेला असतो तो बऱ्याचदा मोठ्या माणसाचा असतो, एकूण कोलेस्ट्रॉल २०० च्या आत. लेकराला तो लागू नाही. लेकराचं एकूण कोलेस्ट्रॉल १७० च्या आत चांगलं, २०० पासून पुढं जास्त. एलडीएल, मनजे वाईट कोलेस्ट्रॉल, ११० च्या आत चांगलं, १३० पासून पुढं जास्त. मनजे लेकराचं १९० आलं तरी कागदावर ठळक अक्षर पण येत नाही, चांदणी पण येत नाही आणि सगळे मनतात, रिपोर्ट नॉर्मल.

आमच्या त्या आजोबांच्या नातवाचं तसंच झालं होतं. वर्षापूर्वीच्या रिपोर्टवर एकूण १९४, एलडीएल १२६, खाली काहीच खूण नाही. फिट थांबून लेकरू घरी आल्यावर आजोबा सगळी फाईल घेऊन माझ्याकडं आले, मी ते दोन आकडे पेन्सिलनं गोल केले आणि मनलो हे डॉक्टरांना दाखवा, गोळी बंद करू का असं नका विचारू, ह्याचं काय करायचं असं विचारा. डॉक्टरांनी आकडे बघितले आणि तरी लगेच औषध बदललं नाही. मनले, आत्ताच मोठी फिट येऊन गेलीय, तीन महिने स्थिर राहू दे. तोवर डालड्यातली खारी, पाकिटातले कुरकुरे आणि रोजचा भज्याचा पुडा बंद. आणि पोराला खेळायला सोडा, कोपऱ्यात बसवू नका. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, आपल्याकडं फिटचं लेकरू मनलं की त्याला ओसरीवर बसवून ठेवतात, पळू नको, चढू नको. मग बसून बसून पण वजन वाढतं. विहीर, झाडावर चढणं, रस्त्यावर एकट्यानं सायकल एवढं टाळायचं, बाकी कबड्डी पण खेळू द्या की.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी नवीन गोळी चालू केली आणि जुनी एकदम न तोडता आठवड्या-आठवड्याला थोडी थोडी उतरवली. त्यासाठी आजोबांनी कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत सकाळी किती न् संध्याकाळी किती ते लिहून घेतलं, आणि दिली की टिक. मी त्यांना अजून दोन गोष्टी सांगितल्या त्या तुम्हाला पण सांगतो. सिरप असेल तर बाटली दर वेळी खळखळून हलवायची, फेनिटॉइनचं तर नक्कीच, औषध तळाला बसतं आणि वरच्या चमच्यात नुसतं पाणी जातं, मग बाटली संपत आली की तळाचा कडक डोस पोटात जातो. आणि खोकल्याला-सर्दीला दुसऱ्या डॉक्टरकडं गेलं तरी फिटच्या गोळीचा पत्ता खिशात न्यायचा, कारण एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन असली अँटिबायोटिक कार्बामाझेपिनबरोबर गेली की त्याची रक्तातली पातळी चढते, लेकरू झोकांड्या द्यायला लागतं, एकाचे दोन दिसायला लागतात. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होऊन रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर उलटं होतं, टोळी ती गोळी पण तोडून टाकते आणि तिचा असर उतरतो.

गेल्या महिन्यात नातवाचा नवीन रिपोर्ट आला, एकूण १६८, एलडीएल १०४. फिट नाही. चिडचिड थोडी वाढलीय मनतात, ते डॉक्टरांच्या कानावर घातलंय.